शांताराम, डोकं ओव्यानं थांबलं नव्हतं

साल २०२५, जानेवारी महिना. शाळेच्या दाखल्यावर माझं वय एकाहत्तर, आई सांगायची त्याप्रमाणे त्र्याहत्तर. तू त्रेसष्टचा. धाकट्या मेव्हण्यानं दाजीच्या आधी जावं हे मला पटलेलं नाही. पण माझं पटणं-न पटणं तू आयुष्यात कधी मनावर घेतलं नाहीस, तेव्हा आता काय घेणार!

तू जाऊन बारा दिवस झाले. मला लिहायची सवय नाही. चौथी पास झालो, पाचवीला गुरुजींशी भांडलो आणि परत त्या शाळेची पायरी चढलो नाही. पण समोरासमोर बोलताना मी कायम आवाज चढवायचो आणि तू गप बसायचास. कागदावर आवाज चढत नाही, म्हणून कागद घेतलाय. तुझी आक्का शेजारी तांदूळ निवडत बसलीय. "काय लिवताय?" म्हणाली. म्हटलं, "तुझ्या भावाशी भांडतोय." ती म्हणाली, "भांडा. तेवढंच र्‍हायलंय."

भांडण कुठून सुरू झालं ते तुला ठाऊक आहे. तरी माझ्या बाजूनं एकदा ऐक.

श्रावणात तू कामशेतवरून आमच्यासंगं कार्ल्याला आलास. पाऊस लागला होता. मी व्हॅन चालवतोय, आक्का मधल्या सीटवर, कानाला वारं लागतं म्हणून दोन्हीकडच्या काचा लावून बसलेली. तू तिच्या बाजूला. कार्ल्याच्या फाट्यावर उतरली तशी ती नेहमीप्रमाणं डोकं धरून दगडावर बसली आणि तिला कोरडी ओकारी आली. मी म्हटलं, हिला गाडी लागते. पावसाळा सुरू झाल्यापासून हेच चाललं होतं. रोज सकाळी मी तिला कार्ल्याच्या डोंगराच्या पायथ्याला सोडायचो, ती तिथं ताक विकायची आणि पहिला तासभर कपाळाला फडकं बांधून बसायची. कुणी लिंबू दे म्हणायचं, कुणी आवळा. मळवली स्टेशनवरून भाड्यानं मागच्या सीटवर आणायचो त्या पाहुण्यांनाही दोन-चारदा तसंच झालं होतं. मुंबईची माणसं, त्यांना सगळंच लागतं, असं मी धरून चाललो होतो.

तू दगडाजवळ उकिडवा बसलास आणि डॉक्टरासारखा तिला विचारायला लागलास.

"आक्का, डोकं कवा उतरतं?"

"गाडीतनं उतरलं, वारं लागलं, की तासाभरात."

"येष्टीत बसल्यावर दुखतं का?"

"न्हाई बा. परवा वडगावला गेलते येष्टीनं, काय झालं न्हाई."

"मग तुला गाडी लागत न्हाई. गाडी लागणाऱ्याला येष्टी आधी लागती." आणि मग तू माझ्याकडं बघून, सगळ्या भाजीवाल्यांसमोर म्हणालास, "दाजी, सायलेन्सर फाटलाय. पुढनं. धूर आत येतोय."

शांताराम, तू कामशेतच्या त्या दुकानात तीस वर्षं सायलेन्सरच जोडत बसलास. फटाफट उडणारे, खळखळणारे, तळाला घासत आलेले. पण मी चाळीस वर्षं गाडी चालवतोय. आणि मी दाजी. ते दगडावर, चारचौघांत, बायकोच्या धाकट्या भावाकडून ऐकून घ्यायचं?

"आवाज कुटं येतोय?" मी म्हटलं.

"आवाज यायला भोक मोठं लागतं. धूर यायला बारीक बी पुरतं."

"मग वास कुटं येतोय?"

"ज्यानं माणूस आडवा होतो त्याला वासच नसतो, दाजी. तुमी काच खाली करून कोपर बाहेर काढून बसता, म्हणून तुमाला काय होत न्हाई. इंजिन तुमच्या सीटखाली. तिथनं जोड सुटला, की समदं मागं जातं. आक्काच्या तोंडावर."

मी म्हटलं, "तुझ्या बापानं मला पोरगी दिली. गाडीची अक्कल न्हाई दिली. ती माझी हाय."

भाजीवाल्या हसल्या. तू हसला नाहीस. तू गाडीला वळसा घातलास, मागं वाकलास, आणि अजून एक बोललास, ते मला जास्त लागलं. "दरवर्षी दसऱ्याला वरनं चांदीचा रंग मारता आन खालनं सडू देता. मळवली ठेसन ते पायथा, पायथा ते मळवली. तुमची गाडी कधी तापतच न्हाई. नळीत पाणी साचतं, ते सुकत न्हाई. सायलेन्सर आतनं खातोय, दाजी. बाहेरनं कितीबी चमकवा."

मी गाडीत बसलो आणि तुला तिथंच सोडून निघून आलो. तू येष्टीनं घरी गेलास.

खरं सांगू? घरी आल्यावर मी गाडीखाली शिरून बघितलं होतं. पुढच्या नळीला जोडाच्या मागं काजळीचा काळा पट्टा होता. मला दिसला. पण तू म्हणालास म्हणून दुरुस्त करायचा, म्हणजे कामशेतला तुझ्या दुकानात जायचं, तू वर बघणार, आणि एक शब्द न बोलता जोडायचं यंत्र चालू करणार. तो न बोललेला शब्द मला सोसवला नसता. म्हणून मीच केलं. तेलाचा डबा कापला, पत्रा नळीवर गुंडाळला, नळ सांधायचा मसाला मळून कडेनं भरला, वरून तार आवळली. स्टँडवर सगळ्यांना सांगितलं, "सायलेन्सरचं काम घरीच केलं. मेस्तरी कशाला लागतोय?"

आक्काचं डोकं दुखायचं थांबलं नाही. आठ दिवस बरं, पुन्हा तेच. तापलेल्या नळीवर मसाला टिकत नाही, हे आता कळतंय. तेव्हा मी ती चूक तिच्यावर ढकलली. "उपाशी पोटी बसती तू," म्हणायचो. ओवा, सुंठ, गूळ यांच्या गोळ्या करून दिल्या. ती बिचारी चावायची. तुझं-माझं बोलणं बंद होतं. तुझा फोन आला की मी तो तिच्या हातात द्यायचो आणि अंगणात जायचो.

मग भाऊबीज आली. बहिणीला भावाकडं नेणं भाग, म्हणून आलो. तुझ्या बायकोनं, मालननं, पुरणपोळ्या केल्या होत्या. तू मला पाटावर बसवलंस, तूप वाढलंस, जसं काही झालंच नाही. आक्कानं तुला ओवाळलं. तू ताटात सुपारी ठेवलीस, नारळ ठेवलास, पाया पडलास. साडी नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा साडी नाही. मी बरा सोडतो?

"यंदा साडी न्हाई का, पाव्हणं? धंदा बसला वाटतं!"

मालनचं तोंड उतरलं. आक्का खाली बघत होती. तू मात्र पोळीचा घास मोडत म्हणालास, "देतो की दाजी. ओवाळणी कुटं पळती."

मी म्हटलं, बघा, असा भाऊ. आणि आडवा झालो. तुझ्या ओसरीवर, पंख्याखाली, चार वाजेपर्यंत. मधे तू चावी मागितलीस. पोरींना चक्कर मारून आणतो म्हणालास. मी डोळे न उघडता खिशाकडं बोट दाखवलं होतं.

त्यानंतर तुझ्या आक्काचं डोकं दुखलं नाही. एकदाही नाही. पायथ्याला उतरली की पदर खोचून सरळ कामाला लागायची. आणि मी काय केलं? मार्गशीर्षात वडगावला लग्नात भेटलो तेव्हा मांडवात, आठ-दहा पाहुण्यांसमोर तुझ्या खांद्यावर हात टाकून म्हटलं, "बघितलं का? तुझ्या आक्काचं डोकं कसं थांबलं? ओवा, सुंठ आन गूळ! सायलेन्सर म्हणं, सायलेन्सर!"

तू मिशीत हसलास. "व्हय दाजी. ओवा लय भारी. मी बी दुकानात बरणी भरून ठेवतो. येईल त्या गाडीला एक मूठ."

सगळे हसले. माझ्या बाजूनं हसले असं मला वाटलं. मीही हसलो, तुझ्यापेक्षा मोठ्यानं.

ते आपलं शेवटचं नीट बोलणं.

मग त्या सकाळी साडेआठला मालनचा फोन आला. "दाजी, ह्यांना कसंतरी होतंय, छातीत दाबतंय." मी आणि आक्का कार्ल्याहून निघालेलोच होतो, तसेच कामशेतला वळलो. तू घामानं भिजलेला आणि थंडीनं कुडकुडत होतास. मधल्या सीटवर घातला, डोकं आक्काच्या मांडीवर. धुकं होतं. "काचा लावा, गार वारं लागतंय त्याला," आक्का म्हणाली. लावल्या. मीसुद्धा माझी काच वर केली. जुन्या हायवेला वडगावच्या अलीकडं एक ट्रक आडवा झाला होता. दहा मिनिटं गाडी जागच्या जागी, इंजिन चालू. मी हॉर्नवर हात दाबून धरलेला. मागून तुझा आवाज आला, "दाजी, सावकाश." बस, एवढंच. तळेगावच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी हात लावला आणि मान हलवली. हार्ट, म्हणाले. मोठा झटका.

घरी आल्यावर आक्का म्हणाली, "माझं डोकं फुटाय लागलंय." रडून रडून फुटत होतं. पण शांताराम, ते ऐकलं आणि मी मनात एकेक मोजायला लागलो. सगळ्या काचा बंद. इंजिन चालू. दहा मिनिटं उभी गाडी. आणि खाली माझा तेलाच्या डब्याचा पत्रा. तू मला श्रावणातच सांगितलं होतंस, काय होतं ते. तुझ्या छातीला हवा पाहिजे होती आणि मी तुला धूर पाजला.

डॉक्टर हार्ट म्हणाले ते मला खोटं वाटलं. त्यांना सायलेन्सर कुठं माहीत होता! तुझ्या थोरलीनं कागद वाचून दाखवला, तरी वाटलं, मी मधे नसतो तर हे हार्ट तळेगावपर्यंत टिकलं असतं. गाडीवर ताडपत्री टाकली. खाली वाकून बघायची हिंमत झाली नाही. स्टँडवर आजारी आहे म्हणून सांगितलं. आक्का माझ्यापुढं भाकरी ठेवायची, आणि तिच्या भावाला मीच मारलंय हे तिला सांगायची मला छाती होत नव्हती. नऊ दिवस मी तिच्या तोंडाकडं नीट बघितलं नाही.

दहाव्याला कामशेतच्या घाटावर, इंद्रायणीला, पिंड ठेवला आणि कावळा येईना. झाडावर चार बसलेले, पण एक खाली उतरेना. तुला माहीतच आहे आपल्याकडं कसं असतं. जाणाऱ्याचं मन कशात अडकलंय ते ओळखून एकेकानं शब्द द्यायचा. थोरली हात जोडून म्हणाली, "आण्णा, आईला मी संबाळते." धाकटी म्हणाली, "शिक्षण सोडणार न्हाई." मालन म्हणाली, "दुकान इकणार न्हाई." कावळे बसल्या जागी. अर्धा तास झाला. भटजी घड्याळाकडं बघायला लागले. कुणीतरी मागून पुटपुटलं, "कशात तरी जीव गुतलाय."

मला ठाऊक होतं कशात गुंतलाय. मी चपला काढल्या आणि पुढं गेलो. घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिलो. चाळीस माणसं असतील.

"शांताराम," म्हटलं, "तू म्हणाला ते खरं होतं. सायलेन्सर फाटका होता. मला दिसला होता. तुझं ऐकायचं न्हाई म्हणून मी डब्याचा पत्रा लावला. आन त्याच गाडीत काचा लावून तुला नेला. तुला हार्टनं न्हाई, मी मारला. माझी चूक झाली."

माझी चूक झाली, हे मी माझ्या बापापुढंही कधी म्हटलेलं नव्हतं.

आणि पायऱ्यांवरून तुझी आक्का उठली. साडीचा काठ भिजतोय त्याचं भान नाही, सरळ पाण्यात आली आणि माझा दंड धरला.

"काय बडबडताय? कुटला फाटका? त्यानं भाऊबिजेलाच बदलला की!"

"काय बदलला?"

"नळी! समदी पुढची नळी! तुमी ओसरीवर घोरत होता तवा. पोरींना चक्कर मारतो म्हणून गाडी दुकानात नेली आन नवी जोडून आणली. मी तितंच बसले होते त्याच्याजवळ."

"मला सांगितलं का न्हाई?"

"त्यानं शपथ घातली होती. म्हणला, आक्का, दाजींना बोलू नको. त्यांनीच नीट केलंय असं वाटू दे त्यांना. न्हाईतर रागानं काढून फेकतील." मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्हणला, साडी दोन वर्सात फाटंल. ही ओवाळणी तुला जास्त दिवस पुरंल."

मी पाण्यात मटकन बसलो. धोतर, सदरा, सगळा भिजलो. आणि मागून कुणाचं तरी हसू फुटलं. मग अजून एकाचं. तुझी धाकटी रडता रडता हसायला लागली, "मामा, तुमी ओव्याचं सांगत होता ना लग्नात, तवा आण्णा घरी येऊन पोट धरून हसले होते." दहाव्याच्या घाटावर माणसं हसली, शांताराम. माझ्यावर हसली. आणि मला छातीवरचा दगड कुणीतरी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. एवढा मोकळा श्वास मी नऊ दिवसांत घेतला नव्हता.

कावळा काही आला नाही. भटजींनी दर्भाचा केला आणि काम उरकलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तुझं मन कशात अडकलंच नसेल, आणि कावळ्यांना भूक नसेल.

घरी आलो, ताडपत्री काढली, आणि संध्याकाळच्या उजेडात गोणपाट टाकून गाडीखाली शिरलो. नवी नळी होती. सांधा बोटानं चाचपला. एकसारखा, मुंग्यांची रांग जावी तसा. आणि त्या नव्या नळीवर, शांताराम, माझा डब्याचा पत्रा! तू तो फेकला नव्हतास. माझी तार, माझे पीळ, जिथल्या तिथं. मी कधी वाकून बघितलं तर मला माझंच काम दिसावं, म्हणून तू नव्या कामावर माझं जुनं काम परत गुंडाळून ठेवलं होतंस.

मी तिथंच आडवा राहिलो. आक्कानं हाक मारली तरी उठलो नाही.

पहिल्यांदा राग आला, तेही सांगतो. अडीच महिने मला सगळ्यांनी येडं केलं. मग विचार केला, तू सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? काढून फेकला असता. खरंच फेकला असता. तू मला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होतास, आणि ओळखूनही मला मांडवात सगळ्यांसमोर जिंकू दिलंस. असं जिंकणं आता मला कोण देणार?

तुला काही म्हणायचं राहून गेलं ते म्हणतो. आक्का रोज सकाळी ताकाची कळशी उचलून माझ्या आधी चालते, ती तुझ्यामुळं. त्या सकाळी तू माझ्या गाडीत चांगल्या हवेत होतास, तेही तुझ्याच हातच्या कामामुळं. माझ्या हातून तुझं वाईट झालं नाही, एवढी सोय तू आधीच करून ठेवली होतीस. मी दाजी म्हणून कधी तुझ्या पाया पडू शकत नव्हतो. आता कागदावर पडतो. पण ओव्यानं पोटातला वात जातो, हे माझं म्हणणं कायम आहे. आणि रंग मारायचाच. लोखंडाला रंग लागतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी मळवलीच्या स्टँडवर गेलो. सगळे चहा पीत होते. जीपवाला किसन म्हणाला, "आबा, बरं वाटतंय का? गाडी तर लय गप चालतीया. तुमीच केलेलं ना काम?" मी म्हटलं, "मी न्हाई. माझ्या मेव्हण्यानं केलं. मी ओसरीवर झोपलो होतो." मग सगळं सांगितलं, पत्र्यापासून ओव्यापर्यंत. ते लोळलेच हसून. मी हसू दिलं.

हसणं सरल्यावर किसन माझ्याजवळ सरकला. हळूच म्हणाला, "आबा, माझ्या जीपात मागं बसणाऱ्या बायकांना बी हल्ली उलट्या होतायत. मी म्हटलं गाडी लागत आसंल."

मी त्याचं गोणपाट मागून घेतलं. "इंजिन गार हाय तवर चालू कर," म्हटलं, "आन येकाला मागच्या नळीच्या तोंडावर ओलं फडकं धराय सांग. मागं कोंडला की धूर भोकातनं बाहेर येतो." आडवा झालो. पाठ बोलली. डोळ्यात माती पडली. इंजिन सुरू झालं तसा मी नळीच्या बाजूनं, न टेकवता, हात हळूहळू पुढं सरकवत नेला. गिअरच्या खाली, जोडाच्या जरा मागं, तळहाताला बारीकशी गरम फुंकर लागली.

"किसना," मी खालूनच ओरडलो, "बंद कर. आन आज मागं कुणाला बसवू नको."